पान कुणाचे? – एकल स्त्रियांचे गट आणि ‘स्वतःचे’ लेखन

जालना जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या स्त्रियांचे जे लहान-मोठे गट गेल्या काही वर्षांत उभे राहिले, त्यांपैकी आमच्या परिचयाच्या एका गटात सध्या एक वाद चालू आहे. गटाची एक साधी पत्रिका निघते. निराधार योजनेचा अर्ज कोठे द्यायचा, सातबाऱ्यावर वारसनोंद लावण्यासाठी तलाठ्याकडे कोणती कागदपत्रे लागतात, पुढची बैठक अंबडला की घनसावंगीला, असा तिचा मजकूर असतो. ही पत्रिका उपयुक्त आहे याबद्दल कोणाचेच दुमत नाही. वाद आहे तो तीत प्रत्येक सभासद स्त्रीला ‘स्वतःचे पान’ द्यावे की नाही याविषयी. त्या पानावर तिने हवे ते लिहावे, हवे तेव्हा लिहावे, आणि गटाने ते वाचावे, अशी मूळ सूचना आहे.

सूचना निरुपद्रवी वाटते. जांबचे समर्थ आमच्याच जिल्ह्यातले. रोज काहीतरी लिहावे असे त्यांनी बजावून चार शतके होत आली. परंतु या साध्या सूचनेला दोन बाजूंनी तीव्र प्रतिसाद मिळाला आहे. कार्यकर्ते मित्र म्हणतात, नको. संघटना प्रश्नावर उभी असते, व्यक्तीवर नव्हे, आणि एकदा ‘माझे’ सुरू झाले की ‘आपले’ मागे पडते. साहित्यिक मित्र म्हणतात, अवश्य. यातूनच मराठी आत्मकथनाचा पुढचा टप्पा येईल. आम्ही या सूचनेच्या बाजूचे आहोत. मात्र ज्या कारणांसाठी आमचे साहित्यिक मित्र तिच्या बाजूचे आहेत, नेमक्या त्या कारणांची आम्हांस धास्ती वाटते. कार्यकर्त्यांचा नकार चुकीचा आहे आणि साहित्यिकांचा होकार त्याहून अधिक चुकीचा आहे, असे आमचे म्हणणे असल्यामुळे हा लेख.

‘पत्रिकेत वैयक्तिक आणू नका’ असे म्हणणारे एक गोष्ट गृहीत धरतात. या स्त्रीचे वैयक्तिक आजवर कोणी लिहिलेले नाही, ते आता प्रथमच लिहिले जाणार, आणि म्हणून सावध राहिले पाहिजे, अशी ती समजूत आहे. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. तिच्या घरात मृत्यू झाला त्या रात्रीपासून तिची गोष्ट लिहिली जाऊ लागते. पोलीस आकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि तिचा जबाब घेतात. तलाठी येतो. तहसीलचा अहवाल तयार होतो. वार्ताहर येतो आणि दुसऱ्या दिवशी मृताचे नाव, गाव, कर्जाचा आकडा, मुलांची संख्या वर्तमानपत्रात छापून येते. निवडणूक जवळ असेल तर पुढारी येतात. मग स्वयंसेवी संस्था येते आणि एका छापील नमुन्यात तिची ‘केस’ भरून नेते. कित्येक स्त्रियांच्या आयुष्यावर एवढे गद्य लिहिले गेलेले असते की एखाद्या नामवंत लेखकाने हेवा करावा. फक्त त्यातले एक वाक्यही तिचे नसते.

या लेखनाला एक कथानकही असते, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्याकडे बारकाईने पाहावे असे आम्हांस वाटते. २३ जानेवारी २००६ च्या शासननिर्णयानुसार आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात. त्यांतले ३० हजार हाती आणि ७० हजार मुदत ठेवीत. ही मदत मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते, आणि ते ठरविणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. जमीन कुटुंबाच्या नावे असावी. कर्ज राष्ट्रीयीकृत वा सहकारी बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे. नापिकीमुळे ते फिटले नाही आणि वसुलीचा तगादा होता, हे दिसावे. म्हणजे आरंभ, मध्य आणि शेवट आधीच ठरलेले आहेत. नवऱ्याने उसने घेतलेले पैसे पाहुण्यांचे होते, की कुठल्या कागदावर नसलेल्या सावकाराचे, की मुलीच्या लग्नाचे. तो पीत होता. भावाभावांत बांधावरून भांडण होते. तो महिनाभर कोणाशी बोलत नव्हता आणि तिला वाटले होते की हे उन्हाळ्याचेच आहे. यांतले जे कथानकात बसत नाही ते सांगितले तर प्रकरण ‘अपात्र’ होऊ शकते. म्हणून ते सांगायचे नसते. सासरे, दीर, गावातला जाणता माणूस तिला हेच शिकवतात, आणि बव्हंशी तिच्या हिताकरिताच शिकवतात.

२०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. तेव्हाची आणि नंतरची अशी प्रकरणे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना ठाऊक आहे की ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून स्त्रीच्या तोंडी बसते. पाचव्या-सहाव्या वेळेला ती न अडखळता सांगते. ऐकणाऱ्याला ते धैर्य वाटते. आम्हांस ते पाठांतर वाटते. तिने खोटे सांगितले असे आम्ही म्हणत नाही. तिने सांगितलेले बहुधा सगळे खरेच असते. पण ते दुसऱ्याने मागितलेले खरे आहे. कोणी न मागता, कशालाही पात्र ठरण्याची अट नसताना, स्वतःच्या आयुष्याविषयी चार ओळी लिहिण्याची जागा तिला आजवर मिळालेली नाही. ‘स्वतःच्या पाना’चे पहिले आणि आमच्या दृष्टीने पुरेसे समर्थन एवढेच आहे.

आता कार्यकर्त्यांचा मुख्य आक्षेप. वैयक्तिकाने समूह फुटतो, असे ते म्हणतात. ज्या भाषेत जात्यावरची ओवी झाली त्या भाषेत हा आक्षेप घेतला जावा याचे आम्हांस नवल वाटते. गी पॉइटेविन आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून ज्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या चाळून पाहाव्यात. छंद सगळ्यांचा, पहिली ओळ पुष्कळदा सगळ्यांची, आणि दुसऱ्या ओळीत अचानक एकटीचा भाऊ, एकटीची सासू, एकटीचे मेलेले मूल. दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालतात, एकीने आपले गायले म्हणून दुसरीचे दळण थांबत नाही; उलट तिचे गाणे त्यातूनच निघते. समूह आणि स्वत्व यांची फारकत ही आपल्या परंपरेची समस्या नव्हतीच. ती आपल्या संघटनांच्या बैठकीच्या इतिवृत्तांची समस्या आहे.

कोणी म्हणेल, ओवी ही जुनी गोष्ट, आधुनिक परस्पर-साहाय्य गटाचे उदाहरण द्या. तेही आहे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या व्यसनमुक्तांच्या बंधुसंघाने १९३९ साली आपले मूळ पुस्तक काढले, तेव्हा त्याचे दोन भाग केले. पहिल्यात सर्वांसाठी समान असलेला विचार आणि पायऱ्या. दुसऱ्यात सभासदांच्या स्वतःच्या कहाण्या. पुढे १९५५, १९७६ आणि २००१ साली आवृत्त्या निघाल्या. पहिल्या भागाची १६४ पाने जवळजवळ तशीच राहिली, आणि कहाण्या मात्र बदलत गेल्या. काही गळाल्या, काही नव्या आल्या. यात एक शहाणपण आहे. समान भाग स्थिर ठेवला आणि वैयक्तिक भाग बदलता ठेवला, म्हणून कोणाचीही कहाणी त्या संघाची ‘अधिकृत’ कहाणी झाली नाही. आमच्या कार्यकर्त्या मित्रांना ज्याची भीती वाटते ते टाळण्याचा मार्ग वैयक्तिक वगळणे हा नाही. ते इतके पुष्कळ आणि इतके बदलते ठेवावे की कोणतीही एक स्त्री सगळ्यांची प्रतिनिधी होऊ शकणार नाही.

आणखी एक गोष्ट याच उदाहरणातून निघते. त्या पुस्तकातल्या कहाण्यांखाली सही नाही. वैयक्तिक आणि नामांकित हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, ते तसे नाहीत. अत्यंत वैयक्तिक असे निनावी असू शकते, आणि स्वतःच्या नावाखाली छापलेले पुष्कळसे लेखन मुळीच वैयक्तिक नसते (आमच्या विद्यापीठीय शोधनिबंधांकडे पाहावे).

पण येथेच जालना जिल्ह्याचा प्रश्न सुरू होतो, आणि तो अ‍ॅक्रनला किंवा पुण्यालाही नव्हता. मोठ्या शहरात नाव झाकले की माणूस झाकतो. मंठ्याच्या किंवा परतूरच्या बाजूला तीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘चार मुलींची आई, नवरा गेला तेव्हा कापूस वेचणीला होती’ एवढे लिहिले की झाले; टोपणनाव हा केवळ शिष्टाचार उरतो. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची माहिती आणि छायाचित्र तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देऊ नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. एचआयव्हीबाधितांच्या माहितीला २०१७ च्याच दुसऱ्या कायद्याने संरक्षण दिले. शेतकऱ्याच्या विधवेचे दुःख मात्र पहिल्या दिवसापासून सार्वजनिक कागद असतो. त्यावर तिने आणखी काही लिहिले तर ते वाचणारे सासर तिच्याच अंगणात आहे. जमिनीची वारसनोंद अजून व्हायची आहे. दिराच्या सहीवर सगळे अडले आहे. अशा वेळी ‘लिहा, मोकळ्या व्हा’ असे सांगणाऱ्यांनी निदान त्या सहीची किंमत विचारात घ्यावी. लेखनाने माणूस मोकळा होतो हे खरे असेलही. पण आधी कोणाच्या घरात राहून लिहायचे हे पाहावे लागते.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपल्या छोट्या दुकानात बसून लिहिले आणि लिहिलेले कित्येक वर्षे घरच्यांपासून दडवून ठेवले. ते ‘स्त्री’ मासिकातून आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले, तेव्हा मधल्या त्या दीर्घ काळाची आपण कौतुकाने नोंद घेतली. भीतीची फारशी घेतली नाही. त्या पुस्तकाच्या नावात ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे, हेही वैयक्तिकाने समूह फुटतो म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. परंतु आत्ता आमचा मुद्दा वेगळा आहे. त्यांनी कधी लिहावे आणि कधी दाखवावे हे दोन निर्णय त्यांनी स्वतः, वेगवेगळ्या वेळी घेतले. आपल्या पत्रिकेच्या योजनेत हे दोन निर्णय एकच होऊन बसले आहेत. पान मिळाले की ते भरायचे आणि भरले की ते छापायचे. हे तोडले पाहिजे.

म्हणून आमचा आग्रह असा की पान छापील नसावे. प्रत्येकीची वही असावी. तीत लिहिलेले तिने हवे तर बैठकीत वाचावे, हवे तर दुसरीला वाचायला द्यावे, हवे तर सुटा कागद करून पत्रिकेच्या गठ्ठ्यात लावावा, आणि पुढच्या महिन्यात वाटले तर तो काढून घ्यावा. छापलेले मागे घेता येत नाही, लावलेला कागद घेता येतो. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ‘बोलते व्हा’ हे केंद्र चालविले आणि १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. दोन्हींमागे पुष्कळशी तीच माणसे होती, तरी बंद दाराआड सांगण्याची जागा आणि छापून येण्याची जागा या दोन जागा राहिल्या. एकीतून दुसरीकडे जायचे की नाही हे जिचे तिने ठरवायचे. आमच्याकडे एकच खोली आहे, हे मान्य. तरी तिला दोन दारे असू शकतात.

येथवर कार्यकर्त्यांशी झाले. त्यांच्याशी आमचे भांडण घरगुती आहे. खरा वाद आमच्याच व्यवसायबंधूंशी आहे.

हा गट लेखनाचा विचार करतो आहे अशी कुणकुण लागताच मराठीच्या प्राध्यापकांत जी हालचाल झाली ती आम्ही पाहतो आहोत. कोणाला ‘प्रातिनिधिक निवडक’ संपादित करायचे आहे. कोणाला प्रस्तावना लिहायची आहे, आणि ती संग्रहाच्या निम्म्या जाडीची असेल याबद्दल आम्हांस शंका नाही. कोणाला ‘एकल स्त्रियांची आत्मकथने : एक चिकित्सक अभ्यास’ असा लघुशोधप्रकल्प हवा आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या कामाला गुण लावण्याची पद्धत आणली, तेव्हापासून दुसऱ्याचे दुःख हे आमच्या पदोन्नतीच्या रकान्यात बसू लागले. यात कोणा एकाचा दुष्टपणा नाही. पण व्यवस्था दुष्ट असली तरी बाईची वही मागायला जो जातो तो माणूसच असतो, आणि त्याला नाही म्हणता येते.

आपण दलित आत्मकथनांचे काय केले, हे एकदा विचारले पाहिजे. ‘बलुतं’ १९७८ साली आले. वर्गात ते कसे शिकवले जाते? गावकुसाबाहेरचे जीवन, दारिद्र्य, भूक, जातीयता, असे मुद्दे फळ्यावर येतात आणि परीक्षेत तेच परत येतात. त्या पुस्तकात दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली गोष्ट सांगतो. भोगणारा आणि लिहिणारा हे एकाच देहातले दोन इसम आहेत आणि त्यांचे एकमेकांशी बरे नाही, ही त्या पुस्तकातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. ती आपण ‘निवेदनतंत्र’ या सदरात पाच गुणांसाठी टाकून दिली. लेखकाने घरातले चव्हाट्यावर मांडले अशी नाराजी त्याच्याच समाजातून उमटली, तिच्याकडे आपण ‘अपेक्षित प्रतिक्रिया’ म्हणून पाहिले. ज्यांना ते उघडे पडल्याचे सोसावे लागले त्यांच्या बाजूने ती नाराजी वाचण्याची तसदी आपण घेतली नाही. पुस्तक थोर आहे. आपले वाचन थोर नव्हते. अशा वाचनाच्या हाती आता वह्या द्यायच्या का?

साहित्यव्यवहाराला अशा स्त्रीची गरज कधी भासते, याचे उदाहरण फार जुने नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले आणि गदारोळ झाला. तेव्हा उद्घाटक म्हणून आल्या वैशाली येडे, त्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात अशाच घरांतल्या स्त्रिया काम करीत होत्या, त्यांपैकी त्या एक. त्यांनी भाषण उत्तम केले. अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई उपयोगी पडते, अशा आशयाचा टोला त्यांनी सुरुवातीलाच हाणला आणि सभामंडप हसला. ज्यांना तो टोला होता तेही हसले. त्या एका विनोदात साहित्यसंस्थांविषयी जेवढी समज होती तेवढी आमच्या डझनभर परिसंवादांत नसते. पण पेच मिटल्यावर संमेलनांनी पुढे काय केले? एकल स्त्री पुन्हा परिसंवादाचा विषय झाली.

यातून आमच्या मागण्या निघतात. वहीतल्या लेखनाची निवड होऊ नये. ‘उत्कृष्ट अनुभवा’ला पारितोषिक असू नये, अनुभवाला पहिला-दुसरा क्रमांक देण्याची कल्पना ज्याला सुचते त्याने काही दिवस विश्रांती घ्यावी. भाषा ‘सुधारू’ नये. जाफराबादकडची बोली बुलढाण्याच्या वळणाने जाते, गोदाकाठच्या अंबड-घनसावंगीची वेगळी. दोन्हींना पुस्तकी मराठीचे इस्त्रीचे कपडे चढवून ‘मुद्रितशोधन केले’ असे म्हणू नये. आणि आमच्यापैकी कोणीही अध्यापकाने, विद्यार्थ्याने, हे लेखन त्या स्त्रीने स्वतः होऊन दिल्याखेरीज वर्गात वा प्रबंधात वापरू नये. तिने एकदा दिलेली परवानगी ही कायमची मानू नये, हेही त्यात आले.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तो लहान नाही. बारावीला असलेली मुलगी आईचे सांगणे लिहून घेईल, हे उघड आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. त्या १९५१ साली गेल्या आणि पुस्तक १९५२ साली आले. काय द्यायचे, काय ठेवायचे हे सांगायला त्या नव्हत्या. मराठीचे त्यात कल्याणच झाले. पण जिवंत बाईच्या बाबतीत लिहून घेणाऱ्याने वहीत आपलेही नाव घालावे आणि लिहिलेले तिला परत वाचून दाखवावे. आई मुलीला सगळे सांगणार नाही, हे गृहीत धरून एखादी शेजारीण, गटातलीच दुसरी ताई, लेखनिक म्हणून हाताशी असावी. मुलीने जे ऐकू नये असे पुष्कळ असते.

आता ज्या मुद्द्यावर कार्यकर्ते आणि साहित्यिक दोघेही गप्प होतात तो मुद्दा. ‘अनुभव लिहा’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला दुःख अभिप्रेत असते. नवरा गेला ते, सासूने छळले ते, कर्ज फेडले ते. शेवटी शिवणयंत्र घेतले आणि मुलगा शाळेत पहिला आला ते. ही जी ‘यशोगाथा’ नावाची जात आहे तीही पात्र-अपात्रतेच्या कथानकाचीच धाकटी बहीण आहे. एखादीला तिच्या पानावर नवऱ्याचे नावही घ्यायचे नसेल. तिला सरकी कोणती लावावी याबद्दल लिहायचे असेल, जत्रेतला सिनेमा सांगायचा असेल, अमुक एक माणूस तिला आवडतो हे लिहायचे असेल. हे शेवटचे वाचून गटातल्याच चौघी नाके मुरडतील हे आम्ही जाणतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याचे सर्वत्र स्वागत झाले. कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, हे ठरले. पण विधवेने आनंदी वाक्य लिहावे की नाही, यावर ठराव करण्याची वेळ अजून आलेली नाही.

आणि समजा तिने गटाविरुद्धच लिहिले? बचतीचा हिशोब तीन महिने वाचून दाखवला नाही, अमुक ताई आपल्याच गावच्या बायकांची कामे आधी करतात, बैठकीत बोलायला मिळत नाही, असे लिहिले तर? कार्यकर्त्यांच्या ‘व्यक्ती नव्हे, प्रश्न’ या घोषणेमागे ही भीती किती आहे, हे त्यांनी स्वतःला विचारावे. दुःखाच्या कहाण्यांनी कोणतीही संघटना फुटत नाही. उलट त्यांवर ती पोसली जाते. फुटायची वेळ येते ती हिशोब विचारला की. स्वतःचे पान द्यायचे तर ते याही मजकुराला द्यावे लागेल, आणि तोही जसाच्या तसा गठ्ठ्यात लावावा लागेल. एवढी तयारी नसेल तर पान देऊ नये. मदतीच्या अर्जांची पत्रिका आहे तशी चालू द्यावी, तीही चांगलेच काम करते.

गटाच्या पुढच्या बैठकीत यावर निर्णय व्हायचा आहे. नमुना म्हणून दोन कागद आधीच आले आहेत. एकात नवऱ्याच्या मृत्यूची सविस्तर, गहिवर आणणारी हकीकत आहे. ती आमच्या साहित्यिक मित्रांनी मागून घेऊन तिच्या प्रतीही काढल्या आहेत. दुसरा कागद भोकरदनकडच्या एका बाईंचा आहे. त्यात म्हैस कितीला घेतली, दूध किती निघाले, पेंड किती लागली, डेअरीने फॅट कमी दाखवून किती कापले आणि शेवटी म्हैस कितीला विकली, याचा एकोणीस ओळींचा हिशोब आहे, आणि खाली एका ओळीत ती म्हैस जाताना तीन वेळा मागे वळली असे लिहिले आहे. पहिला कागद लावावा आणि दुसरा ‘अनुभव नाही’ म्हणून परत करावा, असा एक सूर आहे. दोन्ही लावावेत आणि पहिल्याच्या काढलेल्या प्रती त्या बाईंना परत द्याव्यात, असा प्रस्ताव आम्ही बैठकीपुढे ठेवणार आहोत.